बटण अर्धं दाबून थांबा

 

आजचा विषय एका बटणाचा आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली येतं ते फोटो काढायचं बटण. त्याला शटरचं बटण म्हणतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय शिकायचं, दाबलं की फोटो निघतो. निघतो खरा. पण आपल्या गटांच्या फोटोंचा ढीग दर महिन्याला माझ्या टेबलावर येतो. अहवालाला लावायचे, बँकेच्या फाइलीला जोडायचे, प्रदर्शनाच्या अर्जासोबत पाठवायचे. त्यातले कितीतरी धुरकट असतात. विचारलं की दोनच उत्तरं येतात. एक म्हणजे "कॅमेराच खराब आहे हो ताई", आणि दुसरं "आम्हाला नाही जमायचं ते". मला दोन्ही पटत नाहीत. कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. आणि जमायचं म्हणाल तर दहा-बारा जणींची बचत, कर्ज, व्याज, दंड सगळं तोंडपाठ ठेवणाऱ्या बायका आहात तुम्ही. ह्या बटणाला दोन पायऱ्या असतात, एवढंच तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

धुरकट फोटोनं काय बिघडतं? ऐका. आमच्या एका गटातल्या मावशी वाकळा शिवतात. आमच्याकडे वाकळ म्हणतात, शहरात गेली की तिची गोधडी होते. जुन्या लुगड्यांचे थर, त्यावर हातानं घातलेला धावदोरा, आणि तो इतका बारीक की लांबून कापडावर पाऊस पडून गेल्यासारखा वाटतो. शहरातल्या एका दुकानाला अशा गोधड्या हव्या होत्या. त्यांनी आधी फोटो मागवले. गावातल्या एका मुलानं पाच मिनिटांत चार फोटो काढले आणि पाठवून दिले. दुकानाचा निरोप आला, काम नीट दिसत नाही, सध्या नको. मावशींनी त्याचा अर्थ असा घेतला की आपला टाका बिघडला. वय झालं, नजर गेली, आता बंद करावं. पंधरा दिवस त्यांनी सुई हातात घेतली नाही.

मी ते फोटो मोठे करून पाहिले. दोन वाकळा दोरीवर शेजारी शेजारी टाकलेल्या, मधे वीतभर फट, फटीतून मागचं दार दिसतंय. दाराची कडी, कडीतलं कुलूप, कुलपावरचा गंज सगळं लख्ख. पुढच्या दोन्ही वाकळा मात्र नुसते रंगाचे डाग. टाका कुठंच नाही. दुकानदाराची चूक म्हणावी तर त्यानं जे दिसलं त्यावरून ठरवलं. कॅमेऱ्यानं कुलपाचा फोटो काढला होता.

असं का झालं ते समजून घेऊ. ज्यांच्या हाताशी कॅमेरा आहे त्यांनी तो घ्या. नसेल त्यांनी उजव्या हाताची मूठ करून पहिलं बोट वर ठेवा, तेवढ्यावर आजचं काम भागेल.

शिलाई मशीनचा पायटा आठवा. विजेच्या मशीनचा पायटा थोडा दाबला तर सुई हळू चालते, पूर्ण दाबला तर पळते. शटरचं बटणही असंच दोन टप्प्यांत खाली जातं. हलकेच दाबलं की निम्म्यावर ते अडल्यासारखं होतं. बोटाला तो अडथळा कळतो. तिथं थांबायचं. सोडायचं नाही आणि पुढंही दाबायचं नाही. तिथं थांबलं की कॅमेरा समोरच्या वस्तूवर नजर बसवतो, म्हणजे फोकस करतो. नजर बसली की बारीक आवाज येतो आणि स्क्रीनवर एक हिरवी चौकट दिसते. ऐका तो आवाज.

(इथे कॅमेऱ्याचा 'पिप-पिप' आवाज दोनदा ऐकवला.)

ऐकलात? हा आवाज आला, चौकट हिरवी झाली, की मग बोट तसंच पुढं दाबायचं. फोटो निघाला. चौकट पिवळी किंवा लाल झाली, लुकलुकत राहिली, आवाज आलाच नाही, तर कॅमेरा सांगतोय की मला काही दिसत नाही. तेव्हा बोट सोडायचं आणि पुन्हा अर्धं दाबायचं. कंपनीप्रमाणे रंगात थोडा फरक असतो, पण हिरवं म्हणजे तयार हे बहुतेक ठिकाणी सारखं आहे. काही जणांनी तो आवाज सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवलेला असतो. तो चालू करा. ज्या मावशींना उन्हात स्क्रीन दिसत नाही, त्यांना कान पुरतो.

आणि बटण एकदम दाबलं तर काय होतं? कॅमेऱ्याला नजर बसवायला वेळच मिळत नाही. कधी तो घाईघाईत कुठंतरी नजर लावतो, कधी आपण बटण दाबून मोकळे होतो आणि तो नंतर अर्ध्या सेकंदानं फोटो काढतो. तोवर आपण कॅमेरा खाली घेतलेला असतो. मग जमिनीचे फोटो निघतात. माझ्याकडे चपलांचे भरपूर फोटो आहेत.

आता आतमध्ये काय चालतं ते. तुम्ही रेडिओ ऐकताय म्हणून रेडिओचंच सांगते. आजोबांच्या वेळचा काटा फिरवायचा रेडिओ आठवतो? काटा फिरवत जावं, आधी नुसती खरखर, मग आवाज जवळ येत येत स्वच्छ होतो, आणखी फिरवला की पुन्हा खरखर सुरू. म्हणजे स्टेशन मागं राहिलं. मग आपण काटा जरासा मागं आणतो आणि तिथं ठेवतो. कॅमेऱ्याचं भिंग अगदी हेच करतं. ते आतल्या आत पुढं मागं सरकतं, चित्र स्वच्छ होत जातं, मग थोडं बिघडतं, की कॅमेऱ्याला कळतं आपण पुढं आलो. मग मागं येऊन थांबतो. अर्धं बटण दाबल्यावर बारीक घुर्र ऐकू येतं ना, ते भिंग सरकल्याचं. मोठ्या, भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत आणखी एक झटपट पद्धत असते. आपल्या प्रभागसंघाच्या कपाटातल्या छोट्या कॅमेऱ्याला ही रेडिओवाली पुरते.

पण चित्र स्वच्छ झालं हे कॅमेऱ्याला कसं कळतं? त्याला वाकळ कळत नाही, मावशी कळत नाहीत. त्याला कळते कड. काळं संपून पांढरं जिथं सुरू होतं, ती रेघ जितकी धारदार तितकं चित्र स्वच्छ, एवढाच त्याचा हिशेब. म्हणून जिथं कडाच नाहीत तिथं तो गांगरतो. पांढऱ्या धोतरावर वाळत घातलेले उडदाचे पापड घ्या. पांढऱ्यावर पांढरं, भिंग बिचारं पुढं मागं, पुढं मागं, आणि चौकट काही हिरवी होत नाही. कुरडयांचं तसं नाही, त्यांच्या तारांना भरपूर कडा असतात. आमच्या सोलापूरकडची कडक भाकरी खरपूस डाग पडलेली असली की लगेच पकडली जाते. पापडासाठी साधा उपाय, खाली गडद रंगाची चादर घाला आणि चौकट पापडाच्या मधोमध न ठेवता त्याच्या काठावर ठेवा.

लोणच्याच्या बरणीचं निराळं दुखणं. काच चमकते, चमकेत खिडकी दिसते, आणि कॅमेरा त्या खिडकीच्या प्रतिबिंबावर नजर लावून बसतो. मसाल्याच्या चकचकीत पाकिटाचंही तेच. तिथं चौकट लेबलवर ठेवायची. अक्षरांइतकी चांगली कड दुसरी नाही. काळी अक्षरं पांढऱ्या कागदावर, कॅमेऱ्याला आणखी काय हवं? 'शेंगा चटणी' ही अक्षरं स्वच्छ आली की समजा चटणीही स्वच्छ आली.

खिडकीचे गज, कोंबड्यांची जाळी, शेडनेट ह्यांच्या आरपार फोटो काढायला गेलात तर तो जाळीच धरणार. जाळीला कॅमेरा जवळजवळ टेकवून भिंग भोकातून पलीकडं बघेल असं धरा.

आणि अंधार. आपल्या बैठका बहुतेक संध्याकाळी, कुणाच्या तरी सोप्यात, एका बल्बच्या उजेडात. तिथं कॅमेऱ्याला कडा दिसत नाहीत म्हणून काही कॅमेरे अर्धं बटण दाबल्यावर स्वतःच एक छोटा तांबडा-नारिंगी दिवा पेटवतात. तो फोटोचा फ्लॅश नव्हे. पण होतं काय, तो दिवा दिसला की सगळ्या जणींना वाटतं झाला फोटो, आणि पदर सैल करून एकमेकींशी बोलायला लागतात. मग खरा फोटो निघतो तेव्हा निम्म्यांची तोंडं बाजूला. म्हणून आधी सांगून ठेवा, "तांबडा दिवा लागेल, हलायचं नाही, मी सांगेन तेव्हा झालं." आणि आपलं डावं बोट त्या दिव्यावर येत नाही ना तेही बघा.

आता परत त्या दोन वाकळांकडे. चौकट असते स्क्रीनच्या मधोमध. वाकळा दोन बाजूंना, मधे फट. कॅमेऱ्यानं मधोमध पाहिलं, त्याला फटीतून दार दिसलं, दाराला कडीकुलपाच्या कडा भरपूर. तो खूश होऊन तिथं थांबला. दोन मैत्रिणी शेजारी उभ्या राहिल्या की हेच होतं. दोघींच्या मधल्या जागेतून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं आणि फोटोत तारीख वाचता येते, चेहरे नाही. नवे कॅमेरे माणसाचा चेहरा ओळखून त्यावर चौकट लावतात हे खरं. तरी पदर कपाळावरून पुढं ओढलेला असला, तोंड बाजूला वळलेलं असलं, तर तेही चुकतात. त्यामुळे हाताची युक्ती यायलाच हवी.

युक्ती अशी. आधी कॅमेरा थोडा वळवून चौकट एका वाकळेवर आणा, किंवा एकीच्या चेहऱ्यावर आणा. बटण अर्धं दाबा. पिप-पिप. आता बोट तसंच निम्म्यावर धरून ठेवा. जोवर बोट निम्म्यावर आहे तोवर कॅमेरा ती नजर हलवत नाही. कुलूप लावून ठेवल्यासारखी ती तिथंच राहते. मग कॅमेरा हळूच परत वळवा, दोघी जणी चित्रात नीट बसतील असा, आणि मग बोट पूर्ण दाबा. आता मधे कॅलेंडर असो की दाराची कडी असो, नजर चेहऱ्यांवरच राहणार.

ह्यात दोन गोष्टी सांभाळायच्या. बोट निम्म्यावर असताना आपण पुढं-मागं सरकायचं नाही. कॅमेऱ्यानं लक्षात ठेवलेलं असतं ते अंतर. सहा फुटांवर नजर बसवली आणि आपण दोन पावलं पुढं गेलो, तर ते अंतर खोटं झालं. वळायचं, सरकायचं नाही. दुसरी गोष्ट, अर्धं दाबताना बरेचसे कॅमेरे उजेडाचं मापही तेव्हाच ठरवून टाकतात. म्हणून नजर बसवायला उन्हातली भिंत धरली आणि बायका सावलीत असल्या तर तोंडं काळी येतात. ज्या उजेडात माणूस आहे त्याच उजेडातली वस्तू धरा. सगळ्यात बरं म्हणजे माणूसच धरा.

मावशींना मी हे त्यांच्या अंगणात शिकवलं. पहिल्या दहा-बारा वेळा बोट निम्म्यावर टिकेना, फोटो फटाफट निघून जायचे. मग त्याच म्हणाल्या, कणीक मुरली का बघायला बोट रुतवतो तसं दाबायचं ना? अगदी तसंच. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते. शेवटी त्यांनी आपल्या वाकळेचे फोटो आपण काढले. एक पूर्ण वाकळेचा, एक कोपऱ्याचा, आणि एक अगदी जवळून नुसत्या टाक्यांचा. तेच दुकान, तीच वाकळ. आधी दोन मागवल्या, मग सहा.

जवळून म्हटलं म्हणून सांगते. कॅमेऱ्यालाही चाळिशी असते. फार जवळची वस्तू त्याला दिसत नाही. पासबुकाचं पान किंवा ठरावाच्या वहीचं पान नाकापुढं धरल्यासारखं त्याच्यापुढं धरलं तर चौकट हिरवी होणार नाही, कितीही वेळा दाबा. त्यासाठी कॅमेऱ्यावर फुलाचं चित्र असलेलं बटण असतं. ते दाबलं की जवळचं बघायचा चष्मा लावल्यासारखं होतं. फूल चालू केलंत की झूम पूर्ण मागं घ्या, कारण झूम पुढं काढलं की छोट्या कॅमेऱ्याला जवळचं आणखी कमी दिसतं. झूम करण्यापेक्षा कॅमेरा हातानं जवळ न्या. पानाचा फोटो असेल तर फ्लॅश बंद करा, नाहीतर शिक्क्याच्या जागी पांढरा गोळा येतो आणि नेमका शिक्काच बँकेला बघायचा असतो. काम झालं की फूल बंद करा. ते तसंच राहिलं तर पुढच्या बैठकीचा फोटो काढणारीचं भिंग उगाच शोधत बसतं.

एक प्रश्न मला नेहमी येतो, फोटो हलला म्हणजे नक्की काय झालं? सगळ्याच धुरकट फोटोंचं कारण एक नसतं, म्हणून फोटो मोठा करून नीट बघायचा. फोटोत कुठंतरी काहीतरी स्वच्छ आहे, मागचं दार असो, पुढची कुंडी असो, तर नजर चुकीच्या जागी बसली. फोटोतलं सगळंच एका दिशेला फराटा ओढल्यासारखं आहे, दिव्याच्या ठिपक्याची रेघ झाली आहे, तर आपला हात हलला. बाकी सगळं स्वच्छ आणि फक्त नाचणाऱ्या पोरीचा हात पुसला गेलाय, तर ती हलली. आजार ओळखला तर औषध सापडतं. हात हलत असताना दहा वेळा फोकस करून उपयोग नाही.

हात हलू नये म्हणून कोपर बरगड्यांना चिकटवा, पाय थोडे फाकवून उभ्या राहा, दाराच्या चौकटीला किंवा खांबाला खांदा टेकवा. श्वास सोडता सोडता दाबा. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात किंवा गळ्यात असू द्या. आणि फोटो निघाला की लगेच कॅमेरा खाली घेऊ नका, एक आकडा मोजा. अंधारात वस्तूचा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा डब्यावर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबा आणि हात काढून घ्या. आपल्या बोटाचा धक्काही त्याला लागत नाही.

चेक वाटपाचा किंवा बक्षिसाचा क्षण पकडायचा असतो तेव्हा तर अर्धं बटण ही लॉटरीच आहे. साहेबांनी हात पुढं केला की मग बटण दाबणार, मग कॅमेरा नजर शोधणार, तोवर चेक पदराखाली गेलेला आणि फोटोत साहेबांची पाठ. त्याऐवजी ती ताई मंचावर चढून साहेबांसमोर उभी राहिली की तिच्यावर चौकट ठेवून अर्धं दाबा आणि थांबा. दोघांचे हात चेकला लागले की पूर्ण दाबा. शोधायचं काम आधीच झालेलं असल्यामुळे फोटो जवळजवळ तत्क्षणी निघतो. शेळीचं करडू मात्र असं उभं राहत नाही. त्याच्या मागं कॅमेरा फिरवत बसू नका. ते गोठ्यातून बाहेर येणार ते उंबऱ्यावरून. उंबऱ्यावर नजर बसवा, बोट निम्म्यावर ठेवा, आणि करडाची वाट बघा.

हे सगळं बोटाचं झालं. ह्यात अवघड जागा दुसरीच आहे, असं माझं मत. अर्धं बटण दाबून थांबायचं म्हणजे समोरच्या सगळ्यांना एक क्षण थांबवायचं. आपल्या बायकांना स्वतः थांबायची सवय आहे, दुसऱ्याला थांबवायची नाही. समोर सरपंच, बँकेचे साहेब, आपलेच सासरे उभे असले की वाटतं, कशाला ताटकळत ठेवायचं ह्यांना, आणि बोट घाईनं खाली जातं. फोटो बिघडला तरी "परत उभे राहा" म्हणायची चोरी. त्यापेक्षा कॅमेरा कुणातरी दादाच्या हातात देणं सोपं वाटतं. मग बायकांच्या मेळाव्याचे फोटो दादा काढतो, आणि त्याला वाटतं ते महत्त्वाचं, म्हणजे पाहुण्यांचे हारतुरे, तेवढंच त्यात येतं. स्टॉल लावताना पहाटेपासून राबलेल्या बायका फोटोत कुठंच नसतात. म्हणून माझं सगळ्या गटांना सांगणं आहे, वाक्य पाठ करून ठेवा. "साहेब, एक मिनिट थांबा, फोकस होतोय." हे म्हटल्यावर आजवर कुणी साहेब रागावलेला मी पाहिला नाही. उलट ते जास्तच ताठ उभे राहतात.

फोकस आपोआप होण्याची सोय काही फार जुनी नाही. कोनिका ह्या जपानी कंपनीनं १९७७ मध्ये तसा कॅमेरा बाजारात आणला, त्याआधी नजर बसवायची तर भिंगाचं चाक हातानं फिरवावं लागायचं. आणि त्या काळात आपल्या देशात एक बाई वृत्तपत्रांसाठी फोटो काढत होत्या, होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. साडी नेसून, जड कॅमेरा उचलून त्या दिल्लीत पुढाऱ्यांच्या गर्दीत उभ्या राहायच्या. स्वातंत्र्यानंतर लाल किल्ल्यावर झेंडा फडकला त्याचे फोटो त्यांनी काढले. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावानं छापले जायचे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. चाक फिरवून हे सगळं त्यांनी केलं. आपल्याला तर अर्धं बटण दाबायचं आहे.

बऱ्याच जणी म्हणतील, कॅमेरा कशाला, मोबाइल आहे. आहेच, आणि काम तेच आहे. बहुतेक मोबाइलला दोन टप्प्यांचं बटण नसतं, म्हणून स्क्रीनवर जिथं नजर बसवायची तिथं बोटानं टिचकी मारायची. एक छोटी चौकट किंवा गोल दिसतो. तो स्थिर झाला की मग फोटो काढायचा. बऱ्याच मोबाइलमध्ये त्याच जागी बोट दाबून धरलं की नजर कुलूपबंद होते आणि कुलपाचं चित्र किंवा 'लॉक' असं दिसतं. दोन वाकळांची युक्ती मग तशीच चालते. स्क्रीनवरचं गोल बटण दाबताना मोबाइल हलतो, म्हणून आवाज कमी-जास्त करायचं बाजूचं बटण वापरून बघा. बहुतेक मोबाइलवर त्यानंही फोटो निघतो. आणि सगळ्यात आधी काच पुसा. मोबाइल दिवसभर आपल्या हातात, हाताला तेल, पीठ, हळद. धुरकट फोटोंमागं कधी कधी नुसतं बोटाचं तेल असतं. मऊ सुती कापडानं पुसा. पदरानं पुसणार असाल तर त्याला पीठ-माती लागलेली नाही ना ते आधी बघा, काचेवर चरे पडतात.

फोटो काढून झाला की जागा सोडायच्या आधी तो स्क्रीनवर मोठा करून बघा. छोट्या स्क्रीनवर सगळेच फोटो चांगले दिसतात, फसू नका. डोळ्यांपर्यंत, टाक्यापर्यंत, लेबलच्या अक्षरांपर्यंत मोठा करा. वाचता आलं तर ठीक. नाही आलं तर लोक अजून तिथंच आहेत, वाकळ दोरीवरच आहे, परत काढा. संध्याकाळी घरी जाऊन कळलं तर काही करता येत नाही.

येत्या महिन्यात प्रदर्शनांचे अर्ज भरायचे आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जायचं स्वप्न बऱ्याच गटांचं आहे, आणि कुठल्याही अर्जासोबत आपल्या मालाचे चांगले फोटो लागतातच. प्रभागसंघाचा कॅमेरा ऑफिसातल्या कपाटात आहे. नेताना वहीत गटाचं नाव, तारीख आणि नेणारीची सही. बॅटऱ्या दोन आहेत, दोन्ही चार्ज करून परत द्यायच्या. नेणारी गटातली बाईच हवी. सोबत मुलगा किंवा दीर आला तर येऊ दे, त्याला चादर धरायला सांगा. दर मंगळवारी दुपारी दोन ते चार मी ऑफिसात असते. बोट निम्म्यावर टिकत नसेल तर या. तिथं एक लोणच्याची बरणी आणि एक पांढरा पापड सरावासाठी ठेवलेला आहे. पापड कुणी खाऊ नये ही विनंती.

पुढच्या भागात फ्लॅश कधी बंद ठेवायचा आणि खिडकीचा उजेड कसा वापरायचा ते बोलू. नमस्कार.